पडण्याआधी काय झालं?

बनशंकरी दुसरा स्टेज, बेंगळूर
१२ जून १९९६

प्रिय नीलक्का,

नमस्कार. एसटीडी बूथमध्ये बसून पत्र लिहितोय, हसू नकोस. इथे आप्पाजीमामा शेजारच्या स्टुलावर पेपर उघडून बसतात आणि कान माझ्याकडे ठेवतात. तिकडे तुझ्या होस्टेलचा फोन रेक्टरबाईंच्या टेबलावर. एवढ्या कानांमधून ही गोष्ट जायला नको. तू डॉक्टर आहेस, एम. डी. करतेस म्हणून लिहितो. शिवाय सगळ्या मावस-मामेभावंडांत माझं पूर्ण ऐकून मग ओरडणारी तू एकटीच. बाकीचे आधी ओरडतात.

भार्गवीबद्दल तुला दिवाळीत सांगितलं होतं. पुण्याहून इथे आलेलं कुटुंब. वडील पुरुषोत्तम देवस्थळी, व्हाइटफील्डच्या बाजूला एका कंपनीत मोठे साहेब. घरी फोन मिळेपर्यंत ती दर रविवारी आमच्या बूथमधून पुण्याला मावशीशी बोलायची. काचेच्या आत ती, बाहेर मी, मध्ये लाल आकडे पळवणारं मीटर. मग त्यांच्या घरी फोन आला आणि तिचं येणं थांबलं. टेलिफोन खात्यानं माझ्याइतकं नुकसान कुणाचंच केलं नसेल.

आता मुद्दा. ती पडते. उगादीनंतर, म्हणजे पाडव्यानंतर, तीनदा पडली. भल्या पहाटे, घरातच. पांढरीफटक होते, कोसळते, मग हातपाय झाडते. थोड्या वेळानं उठून विचारते, 'काय झालं? सगळे असे का बघताय?' मला हे तिची वर्गमैत्रीण शिल्पाश्री सांगते. शिल्पा त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, सगळं ऐकते आणि बूथवर येऊन कन्नडात सांगून जाते.

आणि तिचे वडील काय करतात? लपवतात! हुबळीच्या एका मुलाशी तिचं जमवायचं चाललंय. मुलीला 'फिट' येते असा बोभाटा झाला तर संपलं, म्हणून एका डॉक्टरकडे मल्लेश्वरमला, दुसऱ्याकडे जयनगरला, तिसरा आणखी कुठे. एकाला दुसऱ्याचं सांगायचं नाही. शिल्पाच्या आईला सांगितलं, उपास सोसत नाहीत. अक्का, माझ्या डोक्यात जाळ झालाय. त्या घरात घुसून त्या माणसाला विचारावंसं वाटतं, तुम्हाला मुलगी हवी की जावई?

पण माझं त्या घरात काय चालणार? कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलेला, मामाच्या बूथवर बसणारा मी. एकदा देवस्थळी बिल द्यायला आले तेव्हा मी म्हटलं, 'स्वल्प थांबा, सुट्टे बघतो.' तर म्हणाले, 'स्वल्प? हे संस्कृत की कन्नड? मराठीत 'जरा' म्हणतात.' शंभर वर्षं आम्ही या गावात मराठी सांभाळली, आणि काल आलेला माणूस मला ती शिकवतो.

तिनंच मला सांगितलंय की आता भेटू नकोस, फोन करू नकोस, घरात बोलणी चालली आहेत. ठीक. पण अक्का, मला एक खरं सांग. मन आतल्या आत दाबलं की माणूस असं मूर्च्छित पडतं का? मला वाटतं तिचं तसंच आहे. मला कारण माहीत आहे असं वाटतं.

लवकर लिही. घरचे बरे. अण्णा दुकानात, आई देवळात, दोघेही माझ्याशी जेवणापुरतं बोलतात.

तुझा,
प्रवीण


पुणे
२० जून १९९६

प्रिय प्रवीण,

अनेक आशीर्वाद आणि एक चापट. चापट कॉलेजबद्दल, ती उधार होती. विभागप्रमुख काही बोलले म्हणून ओळखपत्र त्यांच्या टेबलावर फेकून येणारा अख्ख्या खानदानात तू पहिलाच. असो. तू भार्गवीबद्दल विचारलंस, तेवढ्याचं उत्तर देते.

मन दाबलं की माणूस पडतं का? पडतं, कधी कधी. पण तरुण मुली चक्कर येऊन पडण्याची साधी कारणं पुष्कळ असतात. पहाटे पडते म्हणतोस, तर झोपेतून एकदम उठून उभं राहताना रक्तदाब उतरत असेल. पाणी कमी, जेवण कमी, परीक्षेची जागरणं. माझा अंदाज तोच. फार घाबरू नकोस.

तरी अंदाज म्हणजे निदान नव्हे. आमचे सर म्हणतात, पडलेल्या माणसाला तपासण्याआधी बघणाऱ्याला तपासा. तेव्हा शिल्पाश्रीला नीट विचार. पडल्यावर किती वेळानं शुद्धीवर येते? नंतर गोंधळलेली असते की लगेच ताळ्यावर? जीभ चावते का? कुठली औषधं चालू आहेत? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पडण्याआधी काय झालं? अगदी लगेच आधी. उभी राहिली, घाबरली, धावली, दचकली, काहीही.

आणि तिच्या वडिलांवर एवढा जाळ काढू नकोस. मुलीचं आजारपण लपवणारे ते पहिले नाहीत. आमच्या ओपीडीत रोज येतात. बाहेरगावचे पत्ते देतात, एक तर नावच खोटं सांगून गेला. चूक आहे, पण ती भीतीतून येते.

आप्पाजीमामांना नमस्कार. पेपर उलटा धरलाय का ते बघ.

तुझी,
नीलक्का


बेंगळूर
३ जुलै १९९६

प्रिय नीलक्का,

तुझं पत्र वाचून मला राग आला, मग पुन्हा वाचलं, तेव्हा थोडा कमी आला. पाणी कमी, जेवण कमी! ती काय भाजीच्या वाफ्यातलं रोप आहे?

परवा ती पुन्हा पडली. या वेळी स्टुलाचा कोपरा लागून कपाळ फुटलं. तुझे प्रश्न घेऊन मी शिल्पाला गाठलं. ती म्हणाली, 'अय्यो, तू पोलीस झालास काय?' पण विचारून आली.

शुद्धीवर लवकर येते, आणि आली की अगदी ताळ्यावर. स्वतःच उठून चहा टाकते, आई रडत असते. जीभ चावत नाही. जयनगरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी, नंदकिशोर त्यांचं नाव, डोक्याला तारा लावून आलेख काढला. तो स्वच्छ आला. तरी फिटच्या गोळ्या चालू केल्या, कारण तिच्या आईनं 'हातपाय झाडते' एवढंच सांगितलं. 'आधी पांढरी पडते' हे सांगायचं राहिलं. मल्लेश्वरमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरची ॲलर्जीची गोळी चालू आहे. बेंगळूरला आलं की पुणेकरांना शिंका लागतात, त्यात नवल नाही, इथली हवाच तशी. ती गोळी जयनगरच्या डॉक्टरला सांगितली नाही, कारण ते म्हणाले असते, तो डॉक्टर काय म्हणतो ते दाखवा. आणि कुठल्याशा क्लिनिकमध्ये हृदयाचा कागद काढला तेव्हा सर्दी नव्हती, गोळी बंद होती. 'थोडं लांब आहे, पण चालेल' असं म्हणून त्यांनी पाठवून दिलं. काय लांब आहे ते कुणी विचारलं नाही. तीन डॉक्टर, तिघांना तीन तुकडे दिलेत. हत्ती बघायला निघालेले आंधळे तरी एकाच हत्तीपाशी उभे होते!

घरात कुणी तरुणपणी गेलं का? आई म्हणाली, आमच्याकडे नाही. वडील म्हणाले, आमच्याकडेही नाही, आणि उठून पाणी प्यायला गेले. हे शिल्पाच्या लक्षात आलं. ती मोठी बेरकी आहे.

हुबळीचा मुलगा पुढच्या महिन्यात बघायला येणार. तोवर कपाळाची जखम भरेल, असं तिची आई म्हणाली म्हणे. अक्का, ती मेली तर? मला दुसरं काही सुचत नाही. काहीतरी कर.

प्रवीण


पुणे
११ जुलै १९९६

प्रिय प्रवीण,

माझी चूक झाली. 'फार घाबरू नकोस' असं मी बसल्या जागेवरून लिहिलं, तिला न बघता, कागदसुद्धा न बघता. पांढरं पडून कोसळणं, मग हात झाडणं, आणि लगेच ताळ्यावर येणं, हे मला आवडलेलं नाही. हे मेंदूपेक्षा हृदयाकडे बोट दाखवतं. तो 'थोडं लांब' कागद मला फार त्रास देतोय. काल सरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा आम्ही सगळे वहीत लिहून घेतो.

तुमच्या तिथे त्यांच्या ओळखीच्या हृदयाच्या डॉक्टर आहेत, वसुंधरा अय्यंगार. सोबत सरांची चिठ्ठी आहे. शिल्पाश्रीच्या हातून ती भार्गवीच्या आईला पोचव. आईला, वडिलांना नव्हे. माझं नाव सांग, तुझं नको. छातीला तारा लावून कमरेला बांधायचं एक यंत्र असतं, टेपरेकॉर्डरसारखं. दिवसभर आणि रात्रभर हृदयाची नोंद ठेवतं. ते लावायला सांगतील. आणि मेंदूच्या डॉक्टरांशी त्यांनी स्वतः बोलावं, असं सरांनी लिहिलंय. तुकडे जुळवायचे तर कुणाला तरी एका टेबलाशी बसवावं लागतं.

आता दुसरं. मी प्रश्न विचारले होते, तू सगळ्यांची उत्तरं दिलीस. एक गाळलास. पडण्याआधी काय झालं? शिल्पाला माहीत नव्हतं, तर 'माहीत नाही' असं तू लिहिलं असतंस. तुला मी तू चड्डीत होतास तेव्हापासून ओळखते. तू खोटं बोलत नाहीस, गाळतोस.

काय गाळलंस?

नीलक्का


बेंगळूर
२९ जुलै १९९६

नीलक्का,

हे पत्र तीनदा फाडलं. आज फाडणार नाही.

चिठ्ठी पोचली. तिच्या आईनं हिंमत केली, वडिलांना न विचारता वसुंधराबाईंकडे नेलं. यंत्र लावलं. ते लावून ती घरी झोपली आणि त्याच पहाटे पडली. यंत्रात सगळं उतरलं. आता दोन डॉक्टरांचं भांडण लागलंय. वसुंधराबाई म्हणतात, हृदय आधी थरथरलं आणि मग ती पडली. नंदकिशोर डॉक्टर म्हणतात, फिट आली, तारा हलल्या, म्हणून कागदावर रेघोट्या उठल्या. दोघे एकमेकांना एकच विचारतात, आधी काय? आणि घरचे म्हणतात, आधी काहीच नाही, ती झोपली होती. पुढच्या सोमवारी सगळ्यांना बसवून ठरवणार आहेत.

आधी काय झालं ते मला माहीत आहे. आधी मी झालो.

तिच्या घरी फोन आला तेव्हा आमची खूण ठरली होती. पहाटे बूथ उघडलं की मी त्यांचा नंबर लावायचा, दोनदा वाजवून ठेवायचा. कुणी उचलला नाही तर मीटर पडत नाही, मामांनाही कळत नाही. ती परीक्षेसाठी हॉलमध्ये दिवाणावर झोपायची, फोन उशाशी. ती जागी राहून वाट बघायची. हिवाळाभर असं चाललं आणि तिला काहीही झालं नाही.

उगादीला तिनं सांगितलं, पुरे, वाजवू नकोस, बाबांनी विचारलं तर काय सांगू? मी 'सरी', बरं, म्हटलं. तुलाही लिहिलं की ठीक. ठीक नव्हतं. मला राग आला की मी वाजवायचो. रोज नाही, पण वाजवायचो, आणि दोनदा नाही, हात दुखेपर्यंत. त्यांचा फोन असा वाजतो की जणू पत्र्याच्या डब्यात दगड खळखळवतायत. आता ती वाट बघत नव्हती, अक्का. ती गाढ झोपलेली असायची.

पहिल्यांदा शिल्पानं सांगितलं की पहाटे पडली, तेव्हाच मी मनात जुळवलं. पण काय जुळवलं ते ऐक. मला वाटलं, माझी घंटा ओळखून तिला भरून आलं. मला वाटलं, हे प्रेम आहे. लिहिताना हात जळतोय, पण मला थोडा अभिमान वाटला होता. म्हणून तुला विचारलं, मन दाबलं की माणूस पडतं का. तू 'नाही, कधीच नाही' म्हणाली असतीस तर... नाही, तुझ्यावर ढकलत नाही.

यंत्र लावलंय हे मला माहीत नव्हतं. त्या पहाटेही मी वाजवला. चौथ्या घंटेला कुणीतरी उचलला. मला वाटलं तीच. मी 'भार्गवी' म्हणणार तेवढ्यात तिची आई ओरडली, 'अगं भार्गवी! अहो, धावा!' रिसीव्हर खाली लोंबकळत असावा. मी सगळं ऐकलं. भांडं पडलं, कुणीतरी पळालं, आणि आई रडत म्हणत होती, डोळे उघड, डोळे उघड. मी फोन ठेवू शकलो नाही. मीटर पळत राहिलं.

हे प्रेम नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

आता सांग, मी काय करू? मी जाऊन सांगितलं तर ती कायमची गेली, तिचे वडील मला पोलिसात देतील, अण्णा घराबाहेर काढतील. नाही सांगितलं तर ते तिला फिटच्याच गोळ्या वाढवून देतील.

उत्तराची वाट बघू की नको तेही कळत नाही.

प्रवीण


बेंगळूर
६ ऑगस्ट १९९६

प्रिय नीलक्का,

पत्र हातात पडताच तू बूथवर फोन केलास. पहिल्यांदाच मी घंटा वाजल्यावर घाबरलो. मी रडत होतो, त्यामुळे तू काय काय म्हणालीस त्यातलं अर्धं ऐकलं. 'आज जा, वडिलांसमोर सांग, दाराबाहेर कुजबुजू नकोस' एवढं नक्की ऐकलं. मामांनी पेपर खाली ठेवला. त्यांनी खिशातून रिक्षाचे पैसे काढून दिले.

हॉस्पिटलात एका लांब टेबलाशी सगळे बसले होते. वसुंधराबाई, म्हणजे छोट्याशा, पांढऱ्या केसांच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. नंदकिशोर डॉक्टर उंच आणि चिडलेले. मल्लेश्वरमचे कान-नाक-घशाचे डॉक्टरही बोलावलेले, त्यांना आपल्याला का बोलावलंय हे कळत नव्हतं. देवस्थळी, त्यांच्या पत्नी, आणि कोपऱ्यात भार्गवी, कपाळाला पट्टी. मी दार ढकलून आत गेलो.

देवस्थळी उठलेच. 'हा बूथवाला इथे कसा?'

मी म्हटलं, 'पडण्याआधी फोन वाजत होता. तो मी करत होतो.'

मग भार्गवीची आई हळूच म्हणाली, 'वाजत होता खरा. दर वेळेला. मी म्हटलं रॉन्ग नंबर. मला वाटलं ती उचलायला उठली आणि चक्कर आली.'

देवस्थळी माझ्या दिशेनं आले. त्यांनी हात उगारला होता, मी मागे सरलो नाही, मला तो हवाच होता. वसुंधराबाई बसल्या जागेवरून कन्नडात म्हणाल्या, 'कूत्कोळ्ळी, सार.' बसा. मग इंग्रजीत, 'मारायचं असेल तर नंतर मारा, बाहेर भरपूर जागा आहे. मला आधी या मुलाशी बोलायचंय.' आणि मला, 'यंत्राच्या दिवशी कधी वाजवलास? किती वेळा?'

मी सांगितलं, देवळातलं सुप्रभातम् लागायच्या आधी, चार घंटा, चौथीला उचलला. त्यांनी लांबलचक कागदाची गुंडाळी उलगडली, बोट फिरवत नेलं आणि थांबल्या. तो कागद त्यांनी नंदकिशोर डॉक्टरांकडे सरकवला. ते बराच वेळ बघत राहिले. तो चिडका माणूस एकदम निराळा दिसायला लागला. म्हणाले, 'तुमचं बरोबर. मला कुणी सांगितलंच नव्हतं की ती आधी पांढरी पडते. माझ्याकडचा आलेख स्वच्छ होता आणि शुद्ध इतक्या लवकर येत होती, तेव्हाच मला खटकायला हवं होतं. घर माझं, पण चोर तुमच्याकडचा.'

मग नंदकिशोर डॉक्टरांनीच सगळ्यांना कळेल असं सांगितलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो. भार्गवीचं हृदय जन्मतःच जास्त वेळ घेतं. 'थोडं लांब' म्हणतात ते हेच. त्या तयारीच्या मध्येच एकदम मोठा आवाज झाला, माणूस दचकलं, की हृदय ठोके सोडून नुसतं थरथरतं. डोक्याला रक्त जात नाही. माणूस पडतं, मेंदू उपाशी राहतो, म्हणून हातपाय झाडतं. ते थरथरणं आपोआप थांबलं तर उठून चहा टाकते. थांबलं नाही तर...



मी हिवाळाभरही वाजवायचो हे सांगितल्यावर वसुंधराबाईंनी विचारलं, 'पण हिवाळ्यात का नाही झालं?' मी म्हटलं, 'तेव्हा ती जागी असायची.' कान-नाक-घशाचे डॉक्टर एकदम पुढे सरकले. त्यांनी भार्गवीच्या आईला पर्स उलटी करायला लावली. त्यातल्या गोळ्यांच्या पट्ट्या बघून त्यांनी कपाळाला हात लावला. 'ही माझी गोळी. काही जणांत ही हृदयाची तयारी आणखी लांबवते, हल्लीच वाचण्यात आलं. उगादीच्या सुमारास मीच सुरू केली होती. मला हृदयाचा कागद कुणी दाखवला असता...' देवस्थळी टेबलाकडे बघत राहिले. त्यांनीच दाखवला नव्हता.

'आता एकच राहिलं,' वसुंधराबाई त्यांना म्हणाल्या. 'हे रक्तातून येतं. तुमच्याकडे कुणी तरुण अचानक गेलंय?'

मला वाटलं, पुन्हा पाणी प्यायला जातील. ते गेले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, अक्का. रागानं नव्हे, मला त्या बघण्याचं नाव माहीत नाही. म्हणाले, 'माझी बहीण, सगुणा. दिवाळीची पहाट होती. पाटावर बसली होती, अंगाला उटणं लावलेलं. खिडकीखाली फटाका वाजला, आणि ती पाटावरून बाजूला कलंडली. लोक म्हणाले करणी, कुणी म्हणालं विष घेतलं. आमच्या घरी पुन्हा तिचं नाव निघालं नाही.' त्यांच्या बायकोला हे ठाऊक नव्हतं. ती तोंडाला पदर लावून त्यांच्याकडे बघत बसली.

फटाका वाजला असं ते म्हणाले. कुणी वाजवला ते म्हणाले नाहीत. कुणी विचारलंही नाही. मी तर नाहीच.

ॲलर्जीची गोळी त्याच क्षणी बंद. फिटच्या गोळ्या नंदकिशोर डॉक्टर हळूहळू उतरवणार. हृदयाला शांत ठेवणारी गोळी रोज, न चुकता, बहुधा जन्मभर. देवस्थळींचाही कागद काढणार. आणि घरातला गजर, फोन, दारावरची घंटा, सगळं तिच्यापासून दूर.

बाहेर आलो. भार्गवी माझ्याजवळून गेली. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या जागी मी तरी बघितलं असतं का?

प्रवीण


पुणे
१४ ऑगस्ट १९९६

प्रिय प्रवीण,

तुझं पत्र सरांना वाचून दाखवलं. काही भाग गाळून, तुझ्यासारखं. त्यांनी चष्मा काढला आणि या वेळी पुसला.

तुला वाटत असेल मी शाबासकी देईन. देत नाही. तिनं नको म्हटल्यावर तू वाजवलास, ते तू सांगितल्यानं पुसलं जात नाही. पण त्या टेबलाशी तू गेला नसतास तर ते दोघे अजून 'आधी काय' यावर भांडत असते आणि एखाद्या पहाटे ते थरथरणं थांबलं नसतं. दोन्ही खरं आहे. तुला दोन्ही घेऊन चालावं लागेल, तुझ्या वयाला जड आहे, पण चालतं. मीही माझं 'पाणी कमी, जेवण कमी' घेऊन चालतेय. प्रत्येक पडलेल्या पेशंटपाशी ते आठवतं.

आमच्याकडे आता एक नवीन खोड लागली आहे. कुणी पडलं म्हणून आलं की पर्स उलटी करायला लावतो. काल एका आजोबांच्या पिशवीतून पाच डॉक्टरांच्या गोळ्या आणि एक लिंबू निघालं.

भार्गवीकडे जाऊ नकोस. तिला वाटेल तेव्हा तिला बोलू दे. कॉलेजच्या फॉर्मची तारीख बघ.

नीलक्का


बनशंकरी
२ सप्टेंबर

प्रवीण,

हे शिल्पाच्या हातून पाठवत नाही, पोस्टानं पाठवतेय. लपवाछपवीनं मी मरता मरता वाचले आहे, आता ती नको.

मी तुला माफ केलं असं लिहीत नाही. मी नको म्हटलं होतं. मला माझ्याच घरात झोपायची भीती वाटायला लागली होती आणि ती कशाची हे मला कळत नव्हतं. ते तुला कळायला हवं होतं. तुला वाटलं मी प्रेमानं पडते! तू शिल्पाला बोललास ते तिनं मला सांगितलं तेव्हा मी इतकी हसले की आई धावत आली, पुन्हा पडले की काय म्हणून.

हुबळीच्या लोकांना बाबांनी स्वतः सगळं सांगितलं. ते आले नाहीत. बाबा म्हणाले, बरं झालं, ऐकून न आलेले ते न ऐकता आलेल्यांपेक्षा बरे. बाबांच्याही हृदयाचा कागद लांब निघाला. आता आम्ही दोघं सकाळी एकत्र गोळी घेतो, आई पाण्याचे पेले धरून उभी. सगुणाआत्याचा एक फोटो त्यांनी कपाटाच्या तळातून काढला. ती माझ्यासारखी दिसते, नाक सोडून.

घरात आता अगदी शांत आहे. फोन आतल्या खोलीत, घंटेभोवती आईनं जुनं पातळ गुंडाळलंय, तो खोकल्यासारखा वाजतो. दारावरची बेल बाबांनी वायरसकट काढली. पोस्टमनलाही सांगितलंय, सायकलची घंटी कोपऱ्यापासूनच वाजवायची नाही.

त्यामुळे कुणाला यायचं असेल तर फाटकाशी उभं राहून हाक मारावी लागते. दिवसाढवळ्या, बाबा घरी असताना, बाबांचं नाव घेऊन, आणि हळू. असं करणं तुला जमेल असं मला वाटत नाही. तुला काहीच हळू करता येत नाही.

भार्गवी देवस्थळी


बेंगळूर
८ सप्टेंबर १९९६

प्रिय नीलक्का,

तू म्हणाली होतीस जाऊ नकोस, तिला बोलू दे. ती बोलली. सोबत तिच्या पत्राची नक्कल नाही, ते माझंच राहू दे.

आज रविवार. इस्त्रीचा शर्ट घातला. अण्णांनी विचारलं, कुठे? मी खरं सांगितलं. ते म्हणाले, 'चप्पल बदल, ती फाटलीय.' महिन्यात पहिल्यांदा जेवण सोडून दुसरं काही बोलले. कॉलेजचा फॉर्म भरलाय, पुन्हा तिसऱ्या वर्षापासून. प्रिन्सिपॉलना भेटायला जायचंय. ते तिकडे आणि हे इकडे, यात मला तिकडची भीती कमी होती.

त्यांच्या फाटकाशी उभा राहिलो. वर गॅलरीत शिल्पा कपडे वाळत घालायचं नाटक करत होती, एकच टॉवेल तिनं तीनदा झटकला. दारावर बेलच्या जागी दोन भोकं आणि चुन्याचा डाग. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. इतका मोठा आवाज असलेला मी! किती हळू म्हणजे हळू, ते मला कुणी शिकवलेलं नाही. शेवटी म्हटलं, 'पुरुषोत्तमराव आहेत का?'

काही नाही. पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा हळू, कारण भीती वाटली की आत ती झोपली असेल.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार उघडलं नाही. पण दारामागून देवस्थळींचा आवाज आला, अगदी सावकाश, प्रत्येक शब्द जपून ठेवल्यासारखा:

'ऐकू येत नाही. ती जागी आहे. स्वल्प मोठ्यानं बोला.'

तुझा,
प्रवीण